हॉल वाढवण्याआधी नकाराची वही दाखवा

प्रश्न असा आहे: "पिंपरी-चिंचवडजवळ मोशीला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्र उभारायची चर्चा दर दोन-तीन वर्षांनी निघते. शेजारी पंचतारांकित हॉटेलंही हवीत म्हणतात. दिल्लीत एका वर्षात दोन केंद्रं झाली, अमेरिकेत शहरं आहे ते पाडून आणखी मोठं बांधतायत. शहरांनी अशी केंद्रं आणि हॉटेलं वाढवत राहावं का?"

बहुतेक शहरांनी वाढवू नये. मोजक्या शहरांनी वाढवावं, पण तिथंही हॉटेल सरकारी पैशातून बांधू नये. मी प्रदर्शनं भरवणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे. म्हणजे हॉल भाड्यानं घ्यायचा, त्याचे तुकडे करून स्टॉलवाल्यांना विकायचे, हा आमचा धंदा. जितके हॉल जास्त तितकं माझं भाडं कमी. तेव्हा हे उत्तर माझ्या खिशाच्या विरोधात जातं, हे वाचताना ध्यानात असू द्या.

आधी एक घोटाळा दूर करू. प्रदर्शन आणि परिषद हे दोन वेगळे धंदे आहेत आणि आपल्याकडे दोन्ही एकाच बोर्डाखाली ढकलतात. प्रदर्शनाला लागतं सपाट, बिनखांबांचं छत, ट्रक थेट आत जाईल असं दार, भरपूर वीज आणि पार्किंग. परिषदेला लागतात दोन हजार खुर्च्यांचं सभागृह, त्याच्या आजूबाजूला पंधरा-वीस लहान खोल्या, चांगलं जेवण, चालत जाण्याच्या अंतरावर हॉटेलं आणि सकाळ-संध्याकाळ विमानं. मोशीच्या मैदानावर डिसेंबरात भरणारं 'किसान' हे शेतीचं प्रदर्शन बघा. गर्दी विचारू नका. पण तो शेतकरी जुन्नरहून, बारामतीहून, संगमनेरहून चार-पाच जणांत गाडी करून येतो, ड्रिपचे आणि फवारणी यंत्रांचे स्टॉल फिरतो, पत्रकांच्या पिशव्या भरतो आणि रात्री घरी जाऊन झोपतो. हॉटेलच्या खोलीशी त्याचा संबंध नाही. याउलट डॉक्टरांच्या एखाद्या राष्ट्रीय परिषदेला माणसं त्याच्या पाच टक्केही नसतील, पण प्रत्येक जण दोन-तीन रात्री राहतो, बाहेर जेवतो, बायको-मुलांना घेऊन येतो, लक्ष्मी रोडला खरेदी करतो.

आता सल्लागार कंपनीचा अहवाल उघडा. त्यात 'अपेक्षित अभ्यागत' म्हणून एक आकडा असतो, त्याला 'सरासरी खर्च' म्हणून दुसऱ्या आकड्यानं गुणलेलं असतं आणि वर अर्थव्यवस्थेत पैसा फिरतो म्हणून आणखी एक गुणक लावलेला असतो. पहिल्या आकड्यात जुन्नरचा शेतकरी धरायचा आणि दुसऱ्या आकड्यात मुंबईहून आलेल्या हृदयरोगतज्ज्ञाचा खर्च, की झाला प्रकल्प फायद्याचा. हे अहवाल खोटे नसतात. पण ते मागवणाऱ्याला बांधायचंच असतं आणि लिहिणाऱ्याला पुढचंही काम हवं असतं.

या अहवालाऐवजी मी एकच कागद मागेन. प्रत्येक केंद्राच्या बुकिंग ऑफिसात तारखांचं रजिस्टर असतं. चांगल्या ठिकाणी त्याला जोडून आणखी एक वही असते: कोणी तारखा मागितल्या आणि आपण देऊ शकलो नाही. किती चौरस मीटर मागितले, कोणत्या महिन्यात, दुसऱ्या तारखा दिल्या तर घेतल्या का, नसतील तर ते प्रदर्शन गेलं कुठं. मागच्या तीन-चार वर्षांची ही वही म्हणजे मागणीचा खरा पुरावा. वही नसेल, किंवा तिच्यातले सगळे नकार डिसेंबर-जानेवारीतलेच असतील, तर हॉल लहान पडतोय असं म्हणता येत नाही. तेव्हा फक्त हंगाम चालू आहे, एवढंच त्यातून कळतं.

हॉलचं गणित बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा दहा हजार चौरस मीटरचा हॉल आहे. त्यातली विकता येते साधारण निम्मी जागा. उरलेली रस्ते, अग्निशमनाच्या मोकळ्या पट्ट्या, नोंदणीचे काउंटर, खाण्याची जागा यांत जाते. चार दिवसांचं प्रदर्शन असेल तर आधी तीन दिवस बिल्ड-अप, म्हणजे स्टॉलची उभारणी. त्यात पहिल्या रात्री गेटबाहेर ट्रकांची रांग, आत फॅब्रिकेटरचे सुतार प्लायवूड कापतायत, रंगाचा वास, मशीन उतरवायला क्रेन एकच आणि तिच्यासाठी सगळ्यांचीच भांडणं. हे सुतार-रंगारी चार दिवस स्टॉलच्या मागे पुठ्ठे अंथरून झोपतात. त्यांचीही रात्र 'शहरात मुक्काम' म्हणून कुठल्यातरी अहवालात मोजली जात असेल, कोण जाणे. प्रदर्शन संपलं की दीड-दोन दिवस डिसमँटलिंग, म्हणजे स्टॉल मोडणं. म्हणजे हॉल नऊ दिवस अडकला आणि लोक आले चार दिवस. दोन प्रदर्शनांच्या मधल्या दोन-तीन दिवसांच्या फटी तर कोणालाच विकता येत नाहीत. त्यामुळे या धंद्यात वर्षभरात ५० ते ६० टक्के भरलेला हॉल उत्तम चाललाय असं मानतात आणि ७० टक्के म्हणजे हाउसफुल. वर्तमानपत्रात 'केंद्र अर्धं वर्ष रिकामं' अशी बातमी आली तर लगेच ओरड करायचं कारण नाही. पण २५-३० टक्क्यांवर चाललेलं केंद्र 'आम्हाला विस्तार हवा' म्हणत असेल, तर मात्र ओरड करा.

आणि आपला हंगाम फार चिंचोळा. जून ते सप्टेंबर पाऊस. मोशीसारख्या उघड्या मैदानावर तर काळ्या मातीचा चिखल. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. खरा धंदा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत. नेमकं तेव्हाच तुळशीचं लग्न लागलेलं असतं आणि माणसांची लग्नं सुरू होतात. बँक्वेट मॅनेजरच्या जागी बसून विचार करा. मी त्याच्याकडे शंभर खोल्या आणि दोन हॉल मागतोय, दर घासाघीस करून, पैसे नव्वद दिवसांनी. दुसरीकडे एक वधूपिता उभा आहे, दर विचारत नाही, आगाऊ देतो, आणि हळद-संगीत-रिसेप्शन मिळून तीन दिवसांचं जेवण घेतो. मुहूर्ताच्या तारखेला मला खोल्या मिळत नाहीत यात त्याचा काय दोष? आणखी हॉटेल बांधलं तर तेही त्या तारखांना लग्नंच घेईल आणि जुलैत माझ्यासारख्याला फोन करून 'सर, काही आहे का' विचारेल.

आता मोठा मुद्दा. नवा हॉल नवी प्रदर्शनं जन्माला घालतो, हा समज. नवा हॉल मुख्यतः दुसऱ्याची प्रदर्शनं ओढतो. विजेच्या उपकरणांचं 'इलेक्रामा' एकेकाळी मुंबईत गोरेगावला भरायचं. ते मोठं झालं, बंगळुरूला गेलं, तिथून ग्रेटर नोएडाला. प्लास्टिक उद्योगाचं 'प्लास्टइंडिया' २०१५ आणि २०१८ ला गांधीनगरला गेलं आणि २०२३ ला पुन्हा दिल्लीला परतलं. गाड्यांचा 'ऑटो एक्स्पो' २०१४ पासून ग्रेटर नोएडात होता. दिल्लीच्या प्रगती मैदानावर भारत मंडपम हे नवं केंद्र झाल्यावर २०२५ च्या जानेवारीत गाड्या तिथं परत आल्या, सुटे भाग दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या यशोभूमी या दुसऱ्या नव्या केंद्रात गेले आणि ग्रेटर नोएडाच्या वाट्याला बांधकामाची यंत्रं राहिली. एकाच महानगरातली ही तीन केंद्रं. भारत मंडपमला सुमारे २,७०० कोटी लागले, यशोभूमीला ५,४०० कोटींच्या आसपास. देशाच्या राजधानीला हे एकवेळ शोभतं, कारण जी-२० सारखी परिषद दुसरीकडे कुठे नेणार? पण तेच चित्र डोळ्यापुढे ठेवून प्रत्येक राज्याचं दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचं शहर आराखडे काढू लागलं, की तेवढ्याच स्टॉलवाल्यांना सगळे मिळून वाटून घेणार.

अमेरिकेनं हा प्रयोग आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर करून ठेवला आहे. हेवुड सँडर्स या प्राध्यापकांनी २००५ मध्ये ब्रुकिंग्ज या तिथल्या संशोधन संस्थेसाठी केलेला अहवाल आमच्या धंद्यात बऱ्याच जणांना झोंबला होता. १९९० पासून तिथली प्रदर्शनाची जागा निम्म्याहून अधिक वाढली, बांधकामावरचा सरकारी खर्च दहा वर्षांत दुप्पट होऊन वर्षाला २.४ अब्ज डॉलरवर गेला आणि २०० सर्वांत मोठ्या प्रदर्शनांची उपस्थिती २००३ च्या सुमारास होती १९९३ च्याच पातळीवर. जागा वाढली, माणसं नाहीत. मग केंद्रं एकमेकांचे ग्राहक पळवायला भाडं कमी करू लागली, काहींनी तर हॉल फुकट दिले. तोटा आला की निदान असं निघायचं: हॉल रिकामा आहे कारण शेजारी मोठं हॉटेल नाही. हॉटेल बांधलं की: हॉटेल रिकामं आहे कारण हॉल लहान आहे.

बाल्टिमोरनं २००८ मध्ये शहराच्या मालकीचं ७५७ खोल्यांचं हिल्टन उघडलं, सुमारे ३० कोटी डॉलरचे रोखे काढून.  पुढची अनेक वर्षं ते तोट्यात राहिलं. सेंट लुईसमध्ये सरकारी मदतीनं उभं राहिलेलं परिषदेचं मोठं हॉटेल २००३ ला सुरू झालं आणि २००९ मध्ये रोखेधारकांनी ते जप्त करून ताब्यात घेतलं. ज्यांचा धंदाच हॉटेलचा आहे, ज्यांना एकेका खोलीचं अर्थशास्त्र तोंडपाठ आहे, ते जिथं यायला तयार नाहीत तिथं महापालिकेनं का जावं? माझा सगळ्यात पक्का आक्षेप इथंच आहे. परिषदेचं केंद्र चालणार की नाही याची परीक्षा हॉटेलवाला फुकटात करून देतो. त्याला जमीन बाजारभावानं द्या आणि सांगा, बांध. तो आला तर केंद्राला मागणी आहे. जमीन स्वस्त, कर्जाला हमी, कर माफ, एवढं सगळं मागत असेल तर त्यानं उत्तर दिलेलंच आहे, फक्त तोंडानं म्हटलेलं नाही.

थांबता येतं, हेही अमेरिकेतच दिसलं. बॉस्टनच्या केंद्रासाठी २०१४ मध्ये एक अब्ज डॉलरच्या विस्ताराचा कायदा झाला होता. पुढच्या वर्षी नवे गव्हर्नर चार्ली बेकर यांनी तो रोखला. बॉस्टन त्यामुळे काही ओस पडलं नाही. उलट ऑस्टिननं २०२५ मध्ये आपलं केंद्र बंद करून पाडायला घेतलं आणि २०२९ पर्यंत १.६ अब्ज डॉलर घालून नवं उभारणार आहेत. तिथल्या बाजूनं एक गोष्ट मात्र म्हणायला हवी. अमेरिकन शहराला हॉटेलच्या प्रत्येक खोलीमागे स्वतःचा कर मिळतो. पाहुणा आला की शहराच्या तिजोरीत पैसा पडतो आणि तो कर बहुतेक बाहेरचे लोक भरतात. लास वेगासचा विस्तार त्यावरच चालतो. शिवाय तिथं सुमारे दीड लाख खोल्या आहेत आणि त्या भरायला परिषद हे एकमेव कारण नाही.

आपल्याकडे हा दोराच कापलेला आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला, हॉटेलांवरचा राज्याचा लक्झरी टॅक्स २०१७ ला जीएसटीत विरघळला. आता स्टॉलच्या भाड्यावर, खोलीवर, जेवणावर जो कर लागतो तो केंद्र सरकार आणि राज्याकडे जातो. महापालिकेला जकातीच्या बदल्यात राज्याकडून भरपाई मिळते, तिची वाढ कायद्यानं वर्षाला आठ टक्के ठरलेली. शहरात प्रदर्शन भरो वा न भरो. म्हणजे महापालिकेनं केंद्र बांधलं, रस्ते रुंद केले, कचरा उचलला, वाहतूक पोलिसांची मनधरणी केली, आणि हाती काय येणार? हॉलचं भाडं आणि हॉटेलचा मालमत्ता कर. 'पैसा शहरात फिरेल' हे खरं असलं तरी तो फिरून महापालिकेकडे येत नाही. तेव्हा बांधायचंच असेल तर जीएसटी ज्यांना मिळतो त्यांनी, म्हणजे राज्यानं आणि केंद्र सरकारनं, पैसे घालावेत. महापालिकेनं जमिनीपलीकडे काही देऊ नये.

जर्मनांचं उदाहरण या चर्चेत हमखास येतं. हॅनोव्हर, फ्रँकफर्ट, म्युनिक इथली अवाढव्य मैदानं सरकारी मालकीची आहेत आणि चालतात, मग आपली का चालणार नाहीत? कारण ते नुसते हॉलचे मालक नाहीत, प्रदर्शनांचेही मालक आहेत. 'ऑटोमेकॅनिका' फ्रँकफर्टच्या कंपनीचं, बांधकाम यंत्रांचं 'बाउमा' म्युनिकच्या कंपनीचं. आपलं कॅलेंडर ते स्वतः भरतात आणि त्याच नावांची प्रदर्शनं जगभर भरवून तिकडूनही कमावतात. तरीसुद्धा हॅनोव्हरचं 'सेबिट' हे एकेकाळचं जगातलं सर्वांत मोठं संगणक प्रदर्शन २०१८ नंतर बंदच पडलं. प्रदर्शन मेलं, हॉल तसेच उभे आहेत. आपल्याकडे या जातीचं जवळचं उदाहरण बंगळुरूचं. मशीन टूल उत्पादकांच्या संघटनेनं दिल्लीतून आपलं 'इमटेक्स' हलवलं ते तुमकुर रोडवर स्वतः बांधलेल्या केंद्रात, २००७ मध्ये. हातात प्रदर्शन आधी होतं, छप्पर नंतर आलं. त्या केंद्राच्या दारात मेट्रो पोचली नोव्हेंबर २०२४ मध्ये. सतरा वर्षं परदेशी पाहुण्यांनी तुमकुर रोडवरची वाहतूक पाहिली. यशोभूमीला निदान उद्घाटनाच्या दिवशीच मेट्रो होती, याचं श्रेय द्यायला हवं.

मग वाढवावं कुठं? मुंबईत वाढवायला वाव आहे. माझ्या मते देशात मुंबई आणि हैदराबाद यांच्याकडे परिषदेसाठी लागतं ते सगळं आधीपासून आहे: विमानं, खोल्या, कंपन्यांची मुख्यालयं. हैदराबादनं २००६ मध्ये केंद्र आणि हॉटेल एकाच आवारात उभारलं आणि त्याच वर्षी आशियाई विकास बँकेची वार्षिक सभा घेतली. मुंबईचं गोरेगावचं केंद्र तर एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या जागेवर उभं आहे, खासगी मालकीचं. बीकेसीतलं २०२२ चं जिओ वर्ल्डही खासगी. जवाहिऱ्यांचं ऑगस्टमधलं प्रदर्शन २०२३ पासून या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी भरतं. भर पावसात! कारण दिवाळी आणि लग्नसराईचा माल दुकानदाराला तेव्हाच उचलायचा असतो. एक प्रदर्शन दोन हॉलांत फोडावं लागतं, खरेदीदार गोरेगाव-बीकेसी अशा फेऱ्या मारतात, तेही हंगाम नसताना. नकाराच्या वहीतली खरी नोंद म्हणजे ही. मुंबईनं उद्या नवी मुंबईच्या विमानतळाजवळ एकसलग मोठा हॉल काढला, तर मी विरोध करणार नाही.

आणि ज्यांना वर्षातून दोनदाच मोठी जागा लागते त्यांच्यासाठी तात्पुरतं बांधकाम आहे. आता मांडव म्हणजे बांबू आणि कनात राहिलेली नाही. अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचे, बिनखांबांचे, वातानुकूलित हॉल दहा-पंधरा दिवसांत उभे राहतात आणि ट्रकांत भरून जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत 'इंडिया एनर्जी वीक' गोव्यात बेतूलला ओएनजीसीच्या आवारात असंच पार पडलं. पंतप्रधान येऊन गेले. गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी दोनापावलला कायमचं केंद्र बांधायची भाषा २००४ पासून चालू आहे. ते झालं नाही म्हणून इफ्फीचं कधी अडलं नाही.

मोशीबद्दल. पिंपरी-चिंचवडचं नवनगर विकास प्राधिकरण होतं तेव्हापासून हा विषय आहे, २०२१ ला प्राधिकरण गुंडाळलं गेलं, जागा आता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) बघतं. आज तिथं जे मैदान आहे त्याची कमतरता छपराची नाही. पावसाचं पाणी वाहून जायला नीट गटारं, ट्रकांसाठी काँक्रीटची पट्टी, उच्चदाबाची वीज, पुरेशी स्वच्छतागृहं, आणि नाशिक रस्त्यावरून आत वळणारा असा रस्ता की सकाळी दहाला भोसरीपर्यंत रांग लागणार नाही. एवढं केलं तरी त्या जागेचे भाड्याचे दिवस वाढतील. पहिला बंदिस्त हॉल दहा-बारा हजार चौरस मीटरचा, साधा, कारखान्याच्या शेडसारखा करावा. ट्रकचं दार मोठं ठेवा आणि काचेची लॉबी लहान. आर्किटेक्टला उलट हवं असतं, कारण उद्घाटनाच्या फोटोत लोडिंग डॉक येत नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना यंत्रांची, सुट्या भागांची प्रदर्शनं जवळ हवीच आहेत, त्यांना छताखाली आणा. मोठी परिषद मोशीला येईल या आशेवर काही बांधू नका. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, परदेशी विमानं बोटावर मोजण्याइतकी, आणि दिल्लीहून आलेला प्रतिनिधी तिथून मोशीला पोचेपर्यंत त्याचं पहिलं सत्र संपलेलं असतं.

या प्रकल्पावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा तीन प्रश्न लेखी विचारा. पहिल्या दोन वर्षांसाठी किती आयोजकांनी अनामत रक्कम भरून तारखा धरल्या आहेत? नुसती इच्छा कळवणारी आशयपत्रं नकोत, आशयपत्र मीही देईन, त्याला पैसे पडत नाहीत. दुसरा, जुलै-ऑगस्टमध्ये तिथं काय भरणार आहे, नावासकट? तिसरा, तोटा आला तर तो कोणत्या लेखाशीर्षातून भरणार?